नातवाचा बेसबॉल, जावयाचा फुटबॉल

प्रश्न : माझं वय 68. उमेदीच्या काळात गावच्या तालमीत घाम गाळला, जत्रेच्या मैदानात नारळावरच्या कुस्त्या केल्या. मागच्या वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर मुलीकडं अमेरिकेत होतो. जावई रविवार आला की फुटबॉल लावून बसतात. तो फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून एकमेकांवर आदळायचं. नातू अकरा वर्षांचा, तो बेसबॉलचा वेडा. तिथला खरा खेळ कोणता असं विचारलं तर जावई म्हणाले, “नावाला बेसबॉल, बघायला फुटबॉल.” मला काही उलगडा झाला नाही. येत्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं आहे. या दोन खेळांत तिथल्या लोकांना एवढं काय आवडतं, आणि जास्त काय आवडतं?
— एक वाचक, कडोली (ता. जि. बेळगाव)

उत्तर : तुम्ही माती अंगाला लावलेली आहे, त्यामुळं तुम्हाला हे सांगणं मला सोपं जाणार आहे.

आधी जावईबापूंच्या बोलण्यात तथ्य किती ते पाहू. गॅलप नावाची संस्था अमेरिकेतल्या लोकांना अनेक वर्षं एकच प्रश्न विचारत आली आहे : बघायला सगळ्यांत जास्त कोणता खेळ आवडतो? 1948 मध्ये शंभरातले 39 जण बेसबॉल म्हणाले आणि 17 फुटबॉल. 1972 मध्ये फुटबॉल पुढं गेला, तो परत मागं आला नाही. 2023 च्या डिसेंबरात फुटबॉल म्हणणारे 41 होते, बेसबॉल म्हणणारे फक्त 10. फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, हल्ली 12 कोटींहून जास्त लोक बघतात. त्या देशाची लोकसंख्याच 34 कोटींच्या आसपास आहे.

एवढ्यावर निकाल देता आला असता. पण आता मैदानात प्रत्यक्ष जाऊन बसणाऱ्यांची मोजदाद करा. बेसबॉलच्या मुख्य लीगच्या सामन्यांना वर्षाकाठी 7 कोटींच्या वर प्रेक्षक जातात. फुटबॉलचा आकडा 2 कोटींच्याही आत राहतो. ज्या खेळाला शंभरातले दहाच जण आवडता म्हणतात, त्याची तिकिटं तिपटीनं कशी खपतात?

याचं उत्तर सामन्यांच्या संख्येत आहे. फुटबॉलचा एक संघ हंगामात 17 सामने खेळतो, आठवड्याला एक. बेसबॉलचा संघ खेळतो 162. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना, आज इथं, उद्या तिथं. म्हणजे फुटबॉलमधली एक हार बेसबॉलमधल्या नऊ-दहा हारींएवढी जड. बेसबॉलमध्ये चांगला म्हणावा असा संघही वर्षात साठ-पासष्ट सामने हरतो, आणि त्याचा फलंदाज दहांतल्या तीन वेळा नीट फटका मारू शकला तर तो मोठा खेळाडू ठरतो. तिथं हार ही पावसाच्या दडीसारखी असते. मन खट्टू होतं, पण दुसऱ्या दिवशी शेतावर जावंच लागतं. फुटबॉलमध्ये हरलं की आख्खा आठवडा ती सल घेऊन फिरायचं.

तुमच्या भाषेत सांगायचं तर फुटबॉल ही जत्रा आहे आणि बेसबॉल ही सोबत आहे.

जत्रेच्या मैदानाची आठवण काढा. महिनाभर आधी पोस्टर लागतं, कोणाची जोड कोणाशी लागली यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद होतात. त्या दिवशी पै-पाहुणे येतात, हलगी कडाडते, फेटे उडतात, आणि एक नंबरची कुस्ती सुटली की वर्षाचा हिशेब मिटतो. अमेरिकन माणसाचा फुटबॉलचा रविवार हाच आहे. मैदानाबाहेर गाड्या उभ्या करून सकाळपासून मांस भाजायचं, संघाच्या रंगाचे कपडे घालायचे, शेजाऱ्याला जेवायला बोलवायचं. रोज जत्रा भरली तर तिला कोण विचारील? सामने कमी म्हणूनच प्रत्येकाला किंमत आहे. ‘तुमचा आवडता खेळ कोणता’ असं विचारल्यावर माणसाच्या ओठांवर जत्रेचंच नाव येतं. सोबतीचं नाव पटकन आठवत नाही.

सोबतीचा खेळ आपल्याकडंही आहे, तो क्रिकेट. ज्या पिढीनं बाळ ज. पंडित यांचं मराठी समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलं, तिला बेसबॉलचं प्रेम समजावून सांगावं लागत नाही. बेसबॉलचा सामना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवला गेला 5 ऑगस्ट 1921 रोजी, पिट्सबर्गमधून. विन स्कली नावाचे समालोचक डॉजर्स या एकाच संघाचे सामने 1950 ते 2016 अशी 67 वर्षं सांगत राहिले. माणसं त्यांचा आवाज ऐकत स्वयंपाक करायची, गाडी चालवायची, झोपी जायची. दोन चेंडूंच्या मध्ये जो मोकळा वेळ असतो त्यात गोष्टी सांगता येतात. बेसबॉलचं निम्मं वेड या मोकळ्या वेळात आहे, असं माझं मत आहे.

मग टीव्ही आला आणि पारडं फिरलं. 28 डिसेंबर 1958 रोजी न्यूयॉर्कमध्ये बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क यांच्यात फुटबॉलचा अंतिम सामना झाला, तो बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. कोट्यवधी लोकांनी तो घरी बसून पाहिला, आणि हा खेळ पडद्यासाठीच जन्मलेला आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. लांबट चौकोनी मैदान पडद्यात चपखल बसतं. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष हलतो तो जेमतेम अकरा मिनिटं, असं एका वृत्तपत्रानं घड्याळ लावून मोजलं होतं. उरलेल्या वेळात काय करतात? प्रत्येक धडक पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि बघणारा घरबसल्या वस्ताद होतो : आता डावीकडून पळायला हवं होतं, आता लांब फेकायला हवा होता. खेळाचा गाभा कबड्डीसारखा आहे. जमीन मिळवायची. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा. एवढं डोक्यात धरून बसलात की फुटबॉलच्या एखाद्या रविवारी तुम्हीही जावयाशी वाद घालाल.

निपाणीच्या एका वाचकानं मागं विचारलं होतं की हातानं खेळतात तर फुटबॉल का म्हणतात. त्यांचंही उत्तर इथंच देतो. इंग्लंडमधून पायानं खेळायचा आणि हातात घेऊन पळायचा असे दोन्ही प्रकार ‘फुटबॉल’ याच नावानं तिकडं गेले. अमेरिकन कॉलेजांनी 1880 च्या सुमारास हाताच्या प्रकारात स्वतःचे नियम घातले आणि नाव तसंच ठेवलं.

आता आपल्या भागाकडं वळतो, कारण खेळाचं वेड कसं रुजतं हे बघायला कोल्हापूरसारखी जागा नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं. खोलगट, उतरत्या बैठकीचं. कुठंही बसा, मधली माती दिसतेच. तुमच्या जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्याच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. त्याच कोल्हापुरात आज शाहू स्टेडियमवर पायानं खेळायच्या फुटबॉलला तोबा गर्दी होते. संघांची नावं बघा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. खेळ विलायती, पण घर तालमीचंच. पेठेची ईर्षा जी लाल मातीत होती ती हिरवळीवर गेली. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तो याच वेडाच्या गावातून आला.

अमेरिकेत याला जोड शोधायची तर ग्रीन बे नावाचं गाव आहे. वस्ती लाखभराची. तिथला फुटबॉल संघ कोणा धनिकाचा नाही, 1923 पासून लोकांनी वर्गणीवजा भाग घेऊन चालवलेला आहे. भागधारक पाच लाखांवर आहेत, आणि एकालाही लाभांश मिळत नाही. एवढंसं गाव न्यूयॉर्कसमोर टिकतं, कारण फुटबॉलच्या लीगनं 1960 च्या दशकापासून टीव्हीचा राष्ट्रीय पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ आपापल्या शहरातल्या टीव्हीकडून मिळवत राहिला, त्यामुळं मोठ्या शहरांचे संघ गब्बर झाले आणि लहान गावच्या चाहत्याची उमेद हंगाम सुरू होण्याआधीच मावळू लागली. माझ्या मते फुटबॉल पुढं जाण्याचं टीव्हीइतकंच मोठं कारण हे आहे. आपलं गाव यंदा जिंकू शकतं असं वाटल्याशिवाय जत्रा रंगत नाही.

एका गोष्टीत मात्र तुम्हाला बेसबॉल जास्त जवळचा वाटेल. फुटबॉलमध्ये अकरा विरुद्ध अकराची रेटारेटी असते, कोणी काय केलं ते दुसऱ्यांदा दाखवल्याशिवाय कळत नाही. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा आणि फटका मारणारा हे दोघंच समोरासमोर असतात, अंतर साडेसाठ फूट. चेंडू पोचायला लागतो अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ. त्याआधीचा सगळा वेळ एकमेकांचा अंदाज घेण्यात जातो, ती निव्वळ खडाखडी. आपल्या जुन्या निकाली कुस्तीला जसं घड्याळ नव्हतं तसं बेसबॉललाही नव्हतं, आणि खडाखडी लांबली की लोक जसे ओरडतात तसे तिथलेही कंटाळू लागले. अखेर 2023 मध्ये चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घातली. सामन्याची सरासरी लांबी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली, आणि मैदानातली गर्दी वाढली. जुन्या चाहत्यांतले काही हळहळले. मला त्यांचं दुःख कळतं, पण बदल योग्य झाला असं वाटतं.

फुटबॉलची एक बाजू नातवाच्या आजोबांना सांगायलाच हवी. सततच्या धडकांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 2002 मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांना माइक वेब्स्टर या नामांकित खेळाडूच्या मेंदूत ती आढळली, आणि पुढं लीगला हजारो माजी खेळाडूंशी भरपाईचा करार करावा लागला. नातू बेसबॉलकडं वळला आहे याचं मला मनापासून बरं वाटलं.

तुम्ही उन्हाळ्यात जाताय, तेव्हा फुटबॉल बंद असेल. नातवाला घेऊन संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानावर जा. गुणपत्रिका आणि पेन्सिल बरोबर घ्या. तिथले मुरलेले प्रेक्षक प्रत्येक चेंडूची नोंद स्वतःच्या हातानं करतात. घराघरांतून आजा नातवाला ही नोंद शिकवत आला आहे. शिकागोच्या कब्ज संघानं 1908 नंतर थेट 2016 मध्ये अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा लोकांनी मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूनं नावं लिहिली. त्यांत कितीतरी नावं वाट बघत बघत गेलेल्या आईबापांची आणि आजोबांची होती.

तुमच्या घरी शिकवणी उलटी होणार आहे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला 1 ते 9 असा आकडा असतो, तो नातवाकडून पाठ करून घ्या. फलंदाज तीन चेंडू हुकून बाद झाला की चौकोनात इंग्रजी ‘के’ काढतात. तिसरा चेंडू त्यानं बॅट न हलवता नुसता बघत सोडला असेल, तर तोच ‘के’ उलटा काढतात. पहिला उलटा ‘के’ आला की पेन्सिल तुम्ही हातात घ्या.