आश्रित कुत्र्यासाठी घरगुती निवारा

बेळगाव-निपाणी परिसरात नैर्ऋत्य मोसमी पाऊस वाऱ्यासह येतो. म्हणून रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्यास अन्नाइतकाच कोरडा निवाराही आवश्यक असतो.

मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्यास सुमारे ९० सें.मी. लांब, ६५ सें.मी. रुंद व ७५ सें.मी. उंच घर पुरते. जुन्या खोक्यांच्या फळ्या चालतात. मात्र कीटकनाशकांची खोकी वापरू नयेत. तळ विटांवर जमिनीपासून १५ सें.मी. उंच ठेवावा. दार पूर्वेस असावे व छपरास पश्चिमेकडे उतार द्यावा, म्हणजे पागोळ्या दारात पडत नाहीत. वर मंगळुरी कौले घालावीत.

अंथरुणास भाताचा कोरडा पेंढा घालून तो दर आठवड्यास बदलावा. त्यामुळे गोचीड, पिसवांना आसरा मिळत नाही. निपाणी ही तंबाखूची जुनी पेठ होय. तथापि तंबाखूची रिकामी पोती कदापि अंथरू नयेत, कारण निकोटीन कुत्र्यास विषारी असते.

निवाऱ्याइतकीच लसही महत्त्वाची आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो. यास्तव पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती नियमित द्यावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.