सूर्याच्या किरीटांतील हिरवी रेषा

खोपोलीचें वीजघर आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं कोसळतें, व त्यांतून इ. स. १९१५ पासून वीज निर्माण होत आली आहे. अणूंतही असेंच घडतें. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालीं उतरला, कीं तेवढी शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या ठराविक असल्यामुळें प्रकाशरेषेवरून द्रव्य ओळखतां येतें.

इ. स. १८६९ च्या खग्रास ग्रहणांत सूर्याभोंवतालच्या किरीटांत एक हिरवी रेषा दिसली. ती कोणत्याच ज्ञात द्रव्याशीं जुळेना. म्हणून पुढें ‘कोरोनियम’ नांवाचें नवेंच मूलद्रव्य कल्पिलें गेलें. २२ जानेवारी १८९८ रोजीं ग्रहणाची छाया आपल्या प्रांतावरून गेली. तेव्हां इंग्लंडचे लॉकियर यांनीं विजयदुर्गास, आणि पुण्याचे प्रो. नायगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें आपलीं यंत्रें मांडिलीं. मुंबईहून जेऊरास जाणारी आगगाडी आपल्या कर्जतवरूनच घाट चढते. त्या ग्रहणाच्या छायाचित्रांवरून रेषेची तरंगलांबी सुमारें ५३०३ अँगस्ट्रॉम ठरली.

कोडें मात्र सत्तर वर्षें सुटलें नाहीं. इ. स. १९३९ मध्यें जर्मनीचे ग्रोट्रियान यांनीं दिशा दाखविली, व थोड्याच वर्षांत स्वीडनचे एडलेन यांनीं सिद्ध केलें, कीं ही रेषा लोखंडाचीच आहे! किरीटांतील सुमारें वीस लाख अंश उष्णतेमुळें लोखंडाच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकीं १३ निघून गेलेले असतात.

उरलेल्यांची ही उतरण ‘निषिद्ध’ म्हणविते. पण निषिद्ध म्हणजे अशक्य नव्हे, अतिमंद. तिचें गणित असें: २६,९७० अब्ज या स्थिरांकास रेषेच्या चुंबकीय बळानें, म्हणजे ४/३ नें, गुणावें. वरच्या पायरीच्या पोटांत चार अवस्था असतात. म्हणून ५३०३ च्या घनाच्या चौपटीनें त्यास भागावें. उत्तर सुमारें ६० येतें. अर्थात् अणु सरासरी १/६० सेकंद वाट पाहतो. सामान्य उतरणीस सेकंदाचा सुमारें दहा कोटिवा भागच पुरतो. पुढें जर्मनींत असे अणु विद्युत्पाशांत धरून हा काळ मोजला, तोही १६.७ सहस्रांश सेकंद भरला.

असे अणु पृथ्वीवर घडविणें कठीण. घडले तरी दाट वायूंत दुसरा कण आधींच धडकून ती शक्ति हिरावून नेतो. नळापर्यंत पोंचण्यापूर्वींच तलावाचें पाणी कोणीं उपसून न्यावें, तसें तें होय. किरीट इतका विरळ, कीं तेथें अणूस पुरेशी सवड मिळते.

विद्यार्थिमित्रहो, अज्ञानास नवें नांव देणें सोपें असतें. ओळखीच्याच लोखंडास सूर्याजवळ ओळखण्यास मात्र धीर आणि गणित दोन्ही लागलीं. वरील भागाकार आपण स्वतः करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.