मृत्युपत्र आणि टिटवे : जोतीराव फुले यांच्या अंत्यविधीचा एक पैलू

जोतीराव फुले यांच्या गद्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष 'गुलामगिरी' (१८७३), 'शेतकऱ्याचा असूड' आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथांवर केंद्रित होते, हे स्वाभाविकच आहे. जुलै १८८७ मध्ये त्यांनी केलेले मृत्युपत्र मात्र बहुधा चरित्राचे साधन म्हणूनच वाचले जाते. वस्तुतः देहाची अखेरची व्यवस्था आणि मागे राहणाऱ्यांची जबाबदारी या दोन प्रश्नांची जोतीरावांनी घातलेली सांगड या दस्तऐवजाइतकी स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

मृत्युपत्रातील दोन कलमे येथे महत्त्वाची आहेत. पहिले, देहाचे दहन न करता तो मिठात पुरावा. दुसरे, दत्तक पुत्र यशवंत हा वारस असावा. परंतु तो नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील लायक मुलाची त्याच्या जागी निवड व्हावी. यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. म्हणजे वारसा येथे रक्ताने ठरत नाही आणि दत्तविधानानेही कायमचा ठरत नाही. तो वर्तनाने टिकवावा लागतो.

मिठात पुरण्याची रीत जोतीरावांनी नव्याने काढलेली नव्हे. संन्याशांच्या व गोसाव्यांच्या समाधीत ती पूर्वापार होती. एका गृहस्थाने ती स्वतःसाठी मागावी, हा भाग नवा. दहनाला अग्नी देणारा लागतो; तो कोण, हे शास्त्र आणि भाऊबंद ठरवितात. धर्मशास्त्रात पिंड आणि रिक्थ यांची जोडी आहे : जो पिंड देतो, तो धनाचा अधिकारी. लोकाचारात हीच जोडी टिटव्याच्या रूपाने वावरते. तिरडीपुढे टिटवे धरणारा तो वारस, अशी समजूत असल्याने त्या मातीच्या मडक्याला खरेदीखताइतके वजन येते. दफनाचा आग्रह धरताना जोतीरावांच्या मनात हा हिशेब होता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परिणाम मात्र तोच झाला असता.

तसे घडले नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. घरामागील जागेत खड्डा तयार होता; परंतु वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने अनुमती दिली नाही. (याच नगरपालिकेचे ते एकेकाळी सभासद होते.) दहन करावे लागले आणि दहनाबरोबर टिटव्याचा प्रश्नही परत आला. यशवंताने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या, त्यांनी स्वतः टिटवे धरले आणि चितेस अग्नीही दिला.

हा प्रसंग चरित्रांतून व भाषणांतून पराक्रम म्हणून सांगितला जातो. तो पराक्रम होताच. पण त्या वर्णनांत एक गोष्ट निसटते : मृत्युपत्रातील पहिली इच्छा मोडल्यावर दुसरी वाचविण्यासाठी केलेली ती कृती होती. सावित्रीबाईंनी रूढी बाजूला सारली, असे म्हणणे अपुरे आहे. रूढीचेच चिन्ह त्यांनी हाती घेतले आणि भाऊबंदांच्या दाव्याला त्याच चिन्हाने उत्तर दिले. कुटुंबातील स्त्रीकडे शोकाचा वाटा येतो, विधीचा येत नाही, ही विभागणी त्या दिवशी पुण्याच्या स्मशानात मोडली.

पुढे अस्थी घरामागील त्याच जागेत ठेवण्यात आल्या, त्यामुळे दफनाची इच्छा अंशतः का होईना पुरी झाली. १८९१ साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' प्रसिद्ध झाले. संवादरूपाने रचलेल्या या ग्रंथात अंत्यविधी व श्राद्ध यांविषयीही विवेचन आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये यशवंत जोतीराव फुले हे नाव आहे. टिटवे धरण्याचा ज्याचा अधिकार नाकारला गेला, तो ग्रंथात 'जोतीराव' हे पितृनाम लावून प्रश्न विचारतो. ग्रंथ पक्षाघाताच्या आजारानंतर, डाव्या हाताने लिहून झाला होता. तेव्हा पुढचा वाद लेखकास ठाऊक असणे शक्य नव्हते.