कार्यकारिणीत कोणाला घ्यावे?

संस्था घटनेने जन्माला येते, नोंदणीने उभी राहते; पण चालते ती माणसांवर. आपल्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभेत निवडणुकीचा विषय बहुधा शेवटी येतो. उशीर झालेला असतो, लोक उठू लागलेले असतात. कोणी एक नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात आणि सभेला न आलेला गृहस्थही सदस्य होतो. पुढे वर्षभर गणपूर्ती होत नाही व सारा भार एकट्या चिटणीसावर पडतो. उद्या हीच धुरा वाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या बाबतीत २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची रचना पाहण्यासारखी आहे. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड हे त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. उपाध्यक्षांत डॉ. परांजपे, बाळासाहेब खेर यांच्यासारखी मातब्बर मंडळी होती. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आणि चिटणीसपद सीताराम शिवतरकर यांच्याकडे होते. ज्यांच्या शब्दाला वजन, त्यांची जागा वेगळी; रोजचा गाडा ओढणारे वेगळे. १९२५ साली सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले.

आपण नेमके उलट करतो. मोठ्या माणसाला कार्यकारिणीत घेतो आणि तो सभेला येत नाही म्हणून नाराज होतो. त्यांना सल्लागार करावे, मान द्यावा. कार्यकारिणीची खुर्ची मात्र काम करणाऱ्यासाठी राखावी.

अशी माणसे मिळवायची कशी? प्रथम कामांची यादी करावी: हिशेब, पत्रव्यवहार, वर्गणी, अभ्यासिका, इमारतीची देखभाल. मग कोणत्या कामाला माणूस नाही ते पाहावे. हिशेबाला माणूस हवा असता केवळ आपल्या गल्लीतला म्हणून पाचवा वक्ता घेऊ नये. पात्र तरुणाला सहा महिने उपसमितीत काम द्यावे. वेळेवर येतो का, खर्चाची पावती आणतो का, हे आपोआप कळते. भगिनींना केवळ स्वागतापुरते न बोलावता कोषाध्यक्षपदाचाही विचार व्हावा. नाव सुचवण्यापूर्वी त्या व्यक्तीला घरी जाऊन विचारावे. वर्षात किती सभा, किती वेळ, कोणती जबाबदारी, हे स्पष्ट सांगावे. नकार आला तर तो आधी आलेला बरा.

निवड झाली की काम संपत नाही, सुरू होते. नव्या सदस्याच्या हाती घटनेची प्रत व मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल द्यावा. प्रत्येकाकडे एक निश्चित काम असावे आणि पुढच्या सभेत त्याने त्याचा वृत्तांत द्यावा. ज्याच्याकडे काम नाही, तो हळूहळू प्रेक्षक होतो. विषयपत्रिका आधी पोचावी, जमाखर्च प्रत्येक सभेत मांडावा. गैरहजेरीचा नियम घटनेत असेल तर तो सर्वांना सारखा लावावा.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्तांतील बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यात हयगय झाली की काय होते, ते आम्ही बँकेत काम करणारे जवळून पाहतो. जुने पदाधिकारी सही द्यायला तयार नसतात, नव्यांकडे ठरावाची प्रत नसते, दोन गट एकाच खात्यावर हक्क सांगतात आणि व्यवहार थांबतो. पैसा खात्यात असतो, पण त्यातून एका विद्यार्थ्याचीही फी भरता येत नाही. भांडण मोठ्यांचे, वर्ष मात्र मुलाचे जाते.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत निवडणुकीचा विषय पहिल्या तासात घ्यावा. प्रत्येक नावावर दोनच प्रश्न विचारावेत: हे कोणते काम करणार? आणि त्यांना आधी विचारले आहे का? दोन्हींची उत्तरे मिळाल्यावरच टाळ्या वाजवाव्यात.