शहर लांबूनच चुकव

ट्रेलर घेतलात, फार छान केलंत. मुलं अजून तुमच्याबरोबर यायच्या वयाची आहेत, आई-बाबा उन्हाळ्यात येतायत, आणि रोज नवं हॉटेल शोधण्यापेक्षा आपलं अंथरूण, आपला चहा, आपली कढई बरोबर असणं याचं सुख वेगळंच आहे. पण परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "ताई, एडिसनहून निघायचं, ९५ हायवे पकडायचा आणि सरळ खाली शेनँडोआला," तेव्हापासून माझ्या मनात घोळतंय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. नवऱ्यालाही वाचून दाखव.

नुसत्या गाडीत रस्ता चुकला तर काय होतं? पुढच्या एक्झिटला उतरायचं, वळायचं, परत यायचं. पाच मिनिटं गेली, संपलं. मागे पंचवीस फुटांचा ट्रेलर असला की ती सोय राहत नाही. चुकीच्या एक्झिटला उतरलीस आणि पुढे बंद गल्ली निघाली, तर तो ट्रेलर उलटा मागे घेत बाहेर काढायचा, तोही मागे हॉर्न वाजत असताना. अरुंद पेट्रोलपंपावर वळायला जागा नसते. लेन बदलायला पाच गाड्यांइतकी फट लागते आणि शहरात तेवढी फट कुणी ठेवत नाही. म्हणून ट्रेलरचा रस्ता स्टिअरिंगमागे बसून ठरवायचा नसतो. तो आदल्या रात्री, जेवणं आटोपल्यावर, टेबलावर नकाशा पसरून ठरवायचा.

आणि माझं मुख्य म्हणणं हे आहे, की शहर चुकवायचं तर ते दिसायच्या शंभर मैल आधी चुकवायचं. उंच इमारती दिसू लागल्यावर जो वळसा आपण शोधतो तो वळसा नसतोच; तिथे आपल्यासारखे हजारो लोक तोच शोधत असतात.

तुझाच रस्ता बघ. ९५ ने खाली गेलीस तर फिलाडेल्फिया, विल्मिंग्टन, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन अशी चार शहरं एकामागून एक येतात. एकात सकाळची गर्दी चुकवलीस तर दुसऱ्यात दुपारची सापडते. त्याऐवजी घरून २८७ ने वर जा आणि ७८ धरून पश्चिमेला लाग. ॲलनटाउन मागे टाकून हॅरिसबर्गच्या अलीकडे ८१ लागतो. तो धरला की हेगर्सटाउन, विंचेस्टर करत फ्रंट रॉयलपाशी पोचतेस, आणि तिथेच शेनँडोआ नॅशनल पार्कचं उत्तरेचं दार आहे. वाट थोडी वाकडी पडते, पण फार लांबत नाही, आणि चारही शहरं टळतात. ८१ वर ट्रक खूप असतात, हे आधीच सांगते. बऱ्याच भागात एका बाजूला दोनच लेन आहेत आणि चढउतार आहेत. मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो आणि मग त्याच्याकडे ओढला जातो, कुणी पदर धरून ओढावा तसा. घाबरून ब्रेक दाबू नकोस, स्टिअरिंग सरळ धर, वेग हळूहळू कमी होऊ दे. ट्रक निघून गेला की ओढही जाते. शहरातल्या कोंडीपेक्षा हा त्रास मला कधीही चालेल, कारण तो येताना दिसतो आणि लगेच संपतो.

बाल्टिमोरचं आणखी एक कारण आहे, ते तर तुला माहीत असायलाच हवं. ट्रेलरच्या पुढे स्वयंपाकाच्या गॅसच्या ज्या टाक्या असतात, त्या प्रोपेनच्या. बाल्टिमोर बंदराखालून जाणाऱ्या दोन्ही बोगद्यांत, म्हणजे ९५ वरच्या फोर्ट मॅकहेन्रीमध्ये आणि ८९५ वरच्या हार्बर टनेलमध्ये, दहा पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी घेऊन जायला बंदी आहे. आपल्या टाक्या वीस किंवा तीस पौंडांच्या असतात. पूर्वी अशा गाड्या ६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून कोसळला. तेव्हापासून गॅसवाल्यांना ६९५ च्या पश्चिम बाजूने अख्ख्या शहराला फेरी मारावी लागते, आणि ती बाजू आधीच भरलेली असते. फोनमधला नकाशा तुझ्या टाकीविषयी काहीच विचारत नाही. तो सरळ बोगद्यात घालतो.

फोनच्या नकाशाचं हेच दुखणं आहे. तुझी उंची, लांबी, वजन त्याला माहीत नसतं. त्याच्या लेखी तू छोटी कार. त्यामुळे एक काम आजच कर. शिडी लावून ट्रेलरची उंची मोज, छतावरच्या एसीच्या माथ्यापर्यंत. साधारण दहा-अकरा फूट भरेल. फूट आणि इंचात मोठ्या अक्षरांत लिहून ती चिठ्ठी स्टिअरिंगसमोर चिकटव. घाईत कुणालाही आकडा आठवत नाही. ट्रेलरची मापं घालून रस्ता काढणारी ॲप आणि गार्मिनची खास यंत्रं मिळतात, त्यातलं एक घेणं योग्य. मी मात्र त्यासोबत रँड मॅकनालीचा ट्रकवाल्यांचा छापील ॲटलास ठेवतेच. कमी उंचीचे पूल त्यात दिलेले असतात आणि तो डोंगरात सिग्नल गेला तरी उघडतो.

उंचीचा खरा प्रश्न उत्तरेला आहे. तुम्ही बॉस्टनकडे जाल तेव्हा लक्षात ठेव, नावात 'पार्कवे' दिसला की आधी नियम बघायचा. न्यूयॉर्कच्या बाजूचे पार्कवे फक्त कारसाठी बांधलेले. त्यांच्यावरचे दगडी कमानींचे पूल बुटके आहेत. पॅलिसेड्स पार्कवे तुमच्या जर्सीतूनच सुरू होतो, कनेक्टिकटमध्ये मेरिट पार्कवे आहे. दोन्हीवर ट्रेलरला मनाई. आणि ९५ वरच्या क्रॉस ब्रॉन्क्सने तर ट्रेलर घेऊन कुणीही जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही २८७ ने वर जाऊन न्यूयॉर्क थ्रूवे धरा, न्यूबर्गला ८४ वर वळा, हडसन तिथे ओलांडा आणि डॅनबरी, हार्टफर्ड करत स्टरब्रिजला ९० ला लागा. हार्टफर्डला थोडं थांबावं लागेल, पण ब्रॉन्क्सपुढे ते काहीच नाही.

रिंग रोडबद्दल आता. तीन आकडी नंबरचा पहिला आकडा सम असेल, २८५, ४९५, ६९५, तर तो रस्ता बहुधा शहराला वळसा घालून परत मोठ्या हायवेला मिळतो. विषम असेल तर तो बहुतेक वेळा शहरात किंवा कुठेतरी टोकाला नेऊन सोडतो. नकाशा वाचताना हे उपयोगी पडतं. पण वळसा आहे म्हणून तो मोकळा असेल असं समजू नकोस. अटलांटाचा २८५ घे. ज्यांना शहरात माल द्यायचा नाही अशा सहाहून जास्त चाकांच्या ट्रकांना त्या रिंगच्या आत जायला बंदी आहे, म्हणजे लांब पल्ल्याचे सगळे ट्रक २८५ वरच येतात. त्याची उत्तरेची बाजू कार्यालयांच्या वेळेत तर अगदी ठप्प असते. तिथे जायचंच असेल तर दिवस आणि वेळ निवडून जा.

वेळ निवडणं म्हणजे अर्धा रस्ता निवडणंच आहे. मोठं शहर ओलांडायला रविवारची सकाळ सगळ्यात चांगली. ती जमली नाही तर कामाच्या दिवशी दहा ते दोन. शुक्रवारी दुपारनंतर ट्रेलर जोडून निघूच नकोस. ऑफिस सुटल्यावर पाचला निघून रात्री अकराला कॅम्पग्राउंडवर पोचायचं, हा बेत कागदावर बरा दिसतो आणि प्रत्यक्षात दोघांचं भांडण होतं. ट्रेलरवाल्या लोकांत तीनांचा नियम सांगतात: दिवसाला तीनशे मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी, आणि एका ठिकाणी तीन दिवस. तीन दिवस राहणं नोकरीवाल्यांना जमत नाही, पण तीनला पोचणं पाळच. उजेडात ट्रेलर मागे लावणं आणि बॅटरी धरून लावणं यात फार फरक आहे.

शिकागोला जाताना घड्याळाचाही घोळ होतो. आपण पूर्वेकडून जातो, त्यामुळे तिथे एक तास मागे. आपल्या घड्याळात सकाळचे नऊ वाजलेले असतात, गर्दी ओसरली असेल असं वाटतं, आणि तिथे आठ वाजलेले असतात, म्हणजे ऐन गर्दी. गॅरीपाशी ८० आणि ९४ एकत्र येतात, तो पट्टा ट्रकांनी गच्च असतो. तुम्हाला विस्कॉन्सिनकडे किंवा पुढे यलोस्टोनकडे जायचं असेल तर शिकागो बघायचंच नाही असं ठरवा. इंडियानापोलिसहून ७४ ने ब्लूमिंग्टन, तिथून ३९ ने सरळ वर रॉकफर्ड, मग ९० ने मॅडिसन. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आणि समोर मोकळा रस्ता. ३९ मला फार आवडतो.

कधीकधी शहरातून जावंच लागतं. तेव्हा अगदी उजव्या लेनमध्ये राहू नकोस, कारण तिथे गाड्या सतत शिरतात आणि मध्येच ती लेनच एक्झिट होऊन जाते. उजवीकडून दुसरी धर आणि सोडू नकोस. मात्र कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि उजवीकडेच चालावं लागतं. एका बाजूला चार किंवा जास्त लेन असतील तरच दुसरी वापरता येते. कुणी पुढच्या फटीत घुसलं तर घुसू दे, पुन्हा मागे राहून फट तयार कर. एक्झिट हुकलं तर हुकू दे. शेवटच्या क्षणी तीन लेन कापून कुणीही आजवर वेळ वाचवलेला नाही. आणि शहराच्या तीस-चाळीस मैल अलीकडेच, ट्रकवाल्यांच्या मोठ्या पंपावर, टाकी भर. ओढताना मायलेज जवळजवळ निम्म्यावर येतं. टोलही ॲक्सलवर मोजतात, तेव्हा नेहमीच्या हिशेबाने चालू नकोस.

रस्ता मोकळा मिळाला की दुसरा धोका सुरू होतो. टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या ३५ ला चुकवायला १३० हा टोलचा रस्ता आहे, मला फार उपयोगी वाटतो. त्याच्या एका भागात ताशी ८५ मैलांची मर्यादा आहे. पण ट्रेलरचे खास टायर असतात, त्यांतले पुष्कळसे ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले, आणि गरम होऊन फुटतात ते बहुधा अशाच रस्त्यावर. पाटी काहीही म्हणो, तुझी मर्यादा टायरवर ठरते.

आई-बाबांबद्दल एक सांगते, कारण आईने मलाही विचारलंय: "मागे पलंग आहे ना, मग मी तिथेच आडवी होते." अजिबात नाही. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. बऱ्याच राज्यांत कायद्यानेच बंदी आहे, आणि नसली तरी नाही. तिचे गुडघे बघता दर दोन तासांना रेस्ट एरियात थांबायचं असं रस्ता ठरवतानाच धर. शेनँडोआत बिग मेडोजला राहणार असाल तर फ्रंट रॉयलच्या दारातून स्कायलाइन ड्राइव्हवर एक्कावन्न मैल आहेत, आणि तिथे वेग ताशी ३५. वाटेत मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच. तुमचा ट्रेलर जाईल, पण तरी ती चिठ्ठी बघूनच जा. घाटासारखी वळणं आहेत, आईला गाडी लागते, तेव्हा आवळा सुपारी हाताशी ठेव.

शहर ओलांडताना गाडीत बोलणारं एकच माणूस असावं, आणि तेही फक्त रस्त्याबद्दल. मुलांना आधी सांगून ठेवायचं की आता थोडा वेळ कुणी काही मागायचं नाही. बाबांना मार्ग सुचवायची सवय आहे, त्यांना प्रेमाने मागच्या सीटवर बसव. रस्ता ठरल्यावर तो कागदावर लिही: एक्झिटचा नंबर, नंतरच्या हायवेचा नंबर, बाजू. हे काम तू चोख करशील याची मला खात्री आहे.

पण तेवढ्यावर थांबू नकोस. आपल्याकडे बहुतेक घरांत तो चालवतो आणि ती नकाशा धरते, आणि मग त्याची पाठ धरली, ताप आला, की सगळे अडकून पडतात. चालवायला तूही शीक. एखाद्या रविवारी सकाळी मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर घेऊन जा, स्टिअरिंगवर तू बस आणि तो मागे उभा राहून हात दाखवू दे. मागे घेणं, वळणं, कडेला लावणं, हे सगळं तुझ्या हाताला येऊ दे. शेनँडोआला जाताना ७८ चा तो पहिला सरळ टप्पा तूच चालव. निघायच्या आदल्या रात्री मला फोन कर, मी ॲटलास उघडून बसते.