मिळकतीचे चार भाग : पगारातून शिल्लक किती टाकावी?

पगार हातात पडल्यावर त्यातून किती रक्कम बाजूला टाकावी, हा प्रश्न आम्हाला बँकेच्या काउंटरवर नेहमी विचारला जातो. विचारणारे बहुधा विरार-चर्चगेट लोकलने नोकरीला जाणारे, वसई-नालासोपारा भागात कर्ज काढून घर घेतलेले बांधव-भगिनी असतात. तथागत बुद्धांनी गृहस्थांना या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिलेले आहे. ते आजच्या पगारदाराला कसे लागू पडते, ते पाहू.

सुत्तातील वाटणी

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या सिगाल या गृहपतीपुत्राला बुद्ध सांगतात की, मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा. म्हणजे घरखर्चाला फक्त पाव हिस्सा! हे कसे जमावे, अशी शंका अनेकजण काढतात, व ती रास्त आहे.

त्या काळचे श्रोते शेती-व्यापार करणारे गृहपती होते. आपले सोपारा हेही प्राचीन व्यापारी बंदरच. व्यापाऱ्याला अर्धी मिळकत पुन्हा धंद्यात घालावी लागते. नोकरदाराचा धंदा म्हणजे त्याची नोकरी, आणि त्याचे भांडवल म्हणजे विद्या, राहते घर व भविष्य निर्वाह निधी. म्हणून मुलांची फी, घराच्या कर्जाची परतफेड आणि निधीची कपात यांना मधल्या दोन भागांत धरावे, असे आमचे मत आहे. चौथ्या भागाला मात्र पर्याय नाही. आजारपण आणि नोकरी जाणे या गोष्टी सांगून येत नाहीत.

प्रत्यक्ष हिशेब

समजा, सर्व कपाती जाऊन हातात ३०,००० रुपये येतात. चौथा भाग ७,५०० रुपयांचा झाला. ज्यांच्यामागे घराचा हप्ता नाही, त्यांनी एवढी रक्कम टाकावीच. हप्ता असणाऱ्यांनी दहावा हिस्सा, म्हणजे ३,००० रुपयांपासून सुरुवात करावी आणि दर पगारवाढीची निम्मी रक्कम शिलकीत मिळवावी. पगार २,००० रुपयांनी वाढला तर शिल्लक ४,००० होईल. म्हणजे दहाव्या हिश्श्यावरून आपण आठव्या हिश्श्यावर आलो. अशा रीतीने काही वर्षांत पाव हिस्सा गाठता येतो.

शिल्लक पगाराच्या दिवशीच काढावी. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचे सहसा काही उरत नाही. त्यासाठी पगाराच्या खात्यातून आवर्ती ठेवीत परस्पर रक्कम वळती करून घ्यावी.

पैसा कोठे ठेवावा?

प्रथम खासगी देणे फेडावे. शेकडा तीन रुपये महिना व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एवढे उत्पन्न कोणतीही सुरक्षित ठेव देत नाही. त्यानंतर तीन महिन्यांचा खर्च बँकेत जमवावा. महिन्याचा खर्च २७,००० धरल्यास ही रक्कम ८१,००० होते व दरमहा ३,००० टाकून सव्वादोन वर्षांत पुरी होते. विमाही सुरुवातीलाच घ्यावा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे.

त्यानंतरच दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावी. दरमहा २,००० रुपये १५ वर्षे टाकले, तर भरणा ३ लाख ६० हजार होतो. ७ टक्के वार्षिक दराने, दरमहा चक्रवाढ धरून, त्याचे सुमारे ६ लाख ३४ हजार होतात. अशा बचतीसाठी १५ वर्षांचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी सोयीचा आहे. शेअर बाजारातील म्युच्युअल फंडात चढउतार असतात. दहा वर्षे लागणार नाही असाच पैसा तेथे घालावा. घरात नुसता ठेवलेला पैसा महागाईने झिजतो. रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडले, ते उगाच नव्हे.

राखणही हवी

दीघजाणू या कोलियाला उपदेश करताना बुद्धांनी मिळवण्याइतकेच मिळवलेले राखण्याला, म्हणजे आरक्खसंपदेला, महत्त्व दिले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खातेदाराला केवळ १,००० रुपये काढता येत होते. मुंबई परिसरातील हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. पुढे ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. ही मर्यादा दर बँकेमागे, एका ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज मिळून एकूण रकमेला असते. म्हणून सारी शिल्लक एकाच ठिकाणी ठेवू नये, आणि जादा व्याजाच्या जाहिरातीला भुलू नये.

विद्यार्थी मित्रांनी शिष्यवृत्तीच्या पैशापासूनच जमाखर्चाची वही घालावी. चौथा भाग राखलेल्या घरातील मुलांचे शिक्षण संकटकाळातही थांबत नाही. या महिन्याच्या पगारापासून प्रत्येक कुटुंबाने आपला आकडा ठरवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.