मूल घरी शिकेल, पण घर शिकायला तयार आहे का?

आईबाबांनो,

'आमच्या मुलीला शाळेत करमत नाही. गांडूळखत, पक्षी, पावसाचं पाणी, जुन्या साड्यांच्या पिशव्या, यातच तिचं डोकं चालतं. तिला घरीच शिकवलं तर?' हा प्रश्न आता झाशीतल्या आपल्या मराठी घरांतही विचारला जातो. विचारणाऱ्यांना दोन काळज्या असतात. एक, पोर मागे पडेल का? आणि दुसरी, हे नियमात बसतं का? दोन्हींबद्दल पुढे बोलूच. पण माझ्या मते त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुमचं घर याला तयार आहे का?

मुलाला गणिताची किंवा तबल्याची आवड असली, तर घराने फारसं बदलावं लागत नाही. पर्यावरणाची आवड मात्र थेट स्वयंपाकघरात शिरते. दहा वर्षांचं मूल विचारतं, आरओ यंत्रातून मोरीत जाणारं पाणी बादलीत का धरायचं नाही? बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात गाडी काढून का जातात? वाढदिवसाला थर्माकोलची सजावट कशाला? अशा वेळी 'जास्त शहाणपणा करू नकोस, अभ्यास कर' असं उत्तर मिळालं, की ती घरशाळा त्याच दिवशी संपली म्हणून समजा. कारण हाच तर त्याचा अभ्यास आहे, आणि त्यातला पहिला धडा तुम्ही आहात.

म्हणून सुरुवातीला पुस्तकं आणू नका. घराचा हिशेब मुलाच्या हाती द्या. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सांगितले होते, तसे तीन डबे करा: ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. रोज रात्री साध्या ताणकाट्यावर प्रत्येकाचं वजन करून मुलाने वहीत लिहायचं. आठवड्याने सरासरी काढायची, टक्केवारी काढायची, आलेख काढायचा. वीजमीटरचा आकडा सकाळ-संध्याकाळ टिपायचा. भिजवलेली आणि न भिजवलेली डाळ शिजायला किती मिनिटं लागतात, हेही घड्याळ लावून पाहायचं. अपूर्णांक आणि दशांश या वहीतून असे शिकता येतात, की ते वेगळे घोकावे लागत नाहीत.

पावसाळ्यात छपराचं गणित करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. झाशीला वर्षाला साधारण ८५० मिलिमीटर पाऊस धरला, तर ६० चौरस मीटरच्या गच्चीवर ५१,००० लिटर पाणी पडतं. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मानक घेतलं, तर चौघांच्या घराला ते तीन महिने पुरेल. अर्थात सगळं साठत नाही. काही उडतं, काही वाहून जातं. किती जातं, हे मुलाने स्वतः मोजावं. ज्या बुंदेलखंडात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे उत्तर काढलेलं मूल पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतं.

आणि झाशीसारखी जागा या शिक्षणाला मिळणं हे भाग्यच म्हणायचं. इथले जुने शेतकरी शेताला बांध घालून पावसाळाभर पाणी अडवत. पावसाळा सरला, की ते सोडून देत आणि ओलीवर गहू-हरभरा पेरत. याला इथे हवेली पद्धत म्हणतात. शहरातच १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था आहे, आणि शेतीत झाडं कशी बसवायची यावर १९८८ पासून काम करणारी कृषिवानिकी संशोधन संस्थाही आहे. आधी पत्र पाठवून, वेळ ठरवून जा. कानपूरच्या रस्त्यावर बेतवाकाठी पारीछाचं औष्णिक वीज केंद्र लागतं. घरातला दिवा विसरून चालू राहिला तर कुठे कोळसा जळतो आणि राख उरते, हे त्या धुराड्यांकडे पाहून जितकं कळतं, तितकं भिंतीवरच्या घोषवाक्याने कळत नाही.

ओरछा तर हाकेच्या अंतरावर. तिथल्या छत्र्यांच्या उंच कोनाड्यांत गिधाडं घरटी करतात. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं, त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि ती मरतात. त्यामुळे देशातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. २००६ मध्ये सरकारने हे औषध जनावरांसाठी बंद केलं. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि नागरिकशास्त्र एका दुर्बिणीत बसतं, ते असं. त्याच ओरछ्याला डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज या संस्थेने नव्वदच्या दशकात तारा ग्राम केंद्र उभं केलं. सुती चिंध्यांपासून हातकागद बनवण्याचं काम तिथे सुरू झालं.

तो कागद घरीही करता येतो. जुन्या वह्यांची पानं रात्रभर भिजवा, मिक्सरमधून काढा, लगदा पसरट टबात ओता आणि लाकडी चौकटीला ताणून बसवलेल्या मच्छरदाणीच्या जाळीवर अलगद उचला. पहिला कागद बहुधा वाळताना तडकतो. मग त्यात शिंप्याकडच्या सुती चिंध्यांचा बारीक कुटलेला लगदा मिसळून पाहा. तो टिकतो, कारण कापसाचे तंतू लांब असतात, आणि वहीच्या कागदाचे आधीच आखूड झालेले असतात. उत्तर तुम्ही सांगू नका. दोन्ही कागद फाडून, कडेला भिंग धरून मुलालाच पाहू द्या.

गणपतीचंही तसंच. आपली झाशीतली मराठी घरं उत्सवाला त्याच गणेश मंदिरात जातात, जिथे १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं. आरास कशाची करायची आणि मूर्ती शाडूची आणायची का, हे यंदा मुलाला ठरवू द्या. मात्र त्याआधी शाडूचा एक खडा आणि प्लास्टरचा एक तुकडा दोन वेगळ्या बादल्यांत टाकून ठेवायला सांगा. एक विरघळेल, दुसरा तळाशी तसाच पडून राहील. त्याने हे स्वतः पाहिलं असेल, तर मंडळातल्या काका-मामांना पटवणंही त्याला जमेल.

आता कागदोपत्री बाजू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो. ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगणारं कलम त्यात नाही, आणि घरी शिकवण्याला मान्यता देणारी वेगळी नोंदणीही नाही. ही मधली वाट आहे, हे समजूनच पाऊल टाका. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे टप्पे आहेत. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. बारावीला तिथे पर्यावरणशास्त्र हा विषयही घेता येतो. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी गुणपत्रकं आणि मुलाच्या वह्या एका फायलीत नीट ठेवा.

प्रमाणपत्राला कमी लेखू नका. मुंबईच्या मालविका जोशीला शाळा सोडूनही २०१६ मध्ये एमआयटीत प्रवेश मिळाला, तो आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडच्या पदकांच्या बळावर. पण बारावी नसल्याने आयआयटीचं दार तिला बंदच होतं. वर्तमानपत्रांनी पहिला भाग ठळक छापला. तुम्ही दुसरा विसरू नका.

आणखी दोन-तीन गोष्टी, मोकळेपणाने. पर्यावरणाचं नाव घेऊन नवी खरेदी सुरू करू नका. बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, नक्षीची कापडी पिशवी हे सगळं दुकानातूनच येतं. घरात आजीचा पितळी डबा आहे, जुन्या नऊवारीची गोधडी आहे. आजी-आजोबांना गुरुजी करा. कमी वापरून नेटका संसार करायला त्या पिढीला कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं.

मुलाच्या मनावर जगाचा भारही टाकू नका. वितळणारे हिमनग, बुडणारी शहरं अशा चित्रफिती दहा वर्षांच्या पोराला दाखवून त्याची झोप उडवण्यात कसलं शिक्षण आहे? त्याच्या हाताला पेलेल एवढं काम द्या आणि त्याचा परिणाम त्याला दिसू द्या. आत्याकडे जेवायला गेल्यावर तिच्या प्लास्टिकच्या ताटल्यांवर भाषण द्यायचं नाही, हेही त्याला शिकवा. घरी शिकणाऱ्या मुलाला वागण्या-बोलण्याची जाण मुद्दाम द्यावी लागते. रोज संध्याकाळी मैदान आणि चार सवंगडी, यात सूट नाही.

बाबांनो, तुमच्याशीही थोडं. होमस्कूलिंग म्हणून जे सुरू होतं, ते बहुतेक घरांत आईच्या दिवसात आणखी एक पाळी होऊन बसतं. हिशेबाची वही तपासणं, रविवारी बेतवेवर नेणं, बीजगणिताला बसवणं, यातलं काय तुमचं, ते आधीच ठरवा. बीजगणित, इतिहास आणि भाषा गांडूळखतातून आपोआप उगवत नाहीत, त्यांना वेगळे तास द्यावेच लागतात. मराठीत वही लिहिणं, शेतकऱ्याशी हिंदीत बोलणं आणि इंग्रजीत माहिती वाचणं, ही सोय मात्र झाशीत आयतीच आहे.

आणि तेराव्या वर्षी मुलाला क्रिकेट किंवा संगणक जास्त आवडू लागला तर? लागू द्या. मोजून पाहण्याची आणि कारण शोधण्याची सवय त्याच्याबरोबर राहते.

माझं मत विचाराल तर, शाळेतून नाव काढण्याची घाई नको. आधी दोन-तीन महिने शाळा चालू ठेवून ही वही घरात सुरू करा. मुलाच्या सांगण्यावरून घरातली एक तरी सवय मोडली आणि ती मोडलेलीच राहिली, तर पुढचा विचार करा. ती मोडता येत नसेल, तर मुलाला शाळेतच राहू द्या आणि घरी त्याचे प्रश्न ऐका. बोलायचं एक आणि वागायचं दुसरं, हे शिकवणाऱ्या घरशाळेपेक्षा साधी शाळा केव्हाही बरी.